गोटमारीची जखम, गोळीला न जुमानणारे जंतू आणि चांदीचा बारीक कण

सावरगाव (पांढुर्णा) : पोळा झाला की दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड उभं राहतं, त्यावर झेंडा बांधला जातो आणि इकडून सावरगाव, तिकडून पांढुर्णा असा गोट्यांचा मारा सुरू होतो. संध्याकाळपर्यंत शेकडो जखमी. कुणाचं डोकं फुटलेलं, कुणाच्या नडगीला खोक, कुणाच्या भुवईवर चार टाके. किती जखमी झाले, किती नागपूरला पाठवले, एवढा आकडा बातमीत येतो आणि बातमी तिथंच संपते.

जखमेची खरी गोष्ट मात्र त्यानंतर सुरू होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जखम लाल होते, ठणकते, त्यातून पू येतो. नदीतला धोंडा काही उकळून आणलेला नसतो. त्यावर गाळ असतो, माती असते, गुराढोरांचं शेण असतं. मग मेडिकलवर जाऊन "पू सुकायच्या गोळ्या द्या" म्हणायचं, दोन-तीन दिवस खायच्या, जरा बरं वाटलं की उरलेल्या गोळ्या कपाटात. पुढच्या वेळी घरातल्या दुसऱ्या कुणाला ताप आला की त्याच गोळ्या त्याला. हे एकट्या गोटमारीचं नाही. संत्र्याच्या बगीच्यात काटा रुतला, विळा लागला, शुगरवाल्या म्हाताऱ्याच्या अंगठ्याला खपली धरली, तरी रस्ता हाच.

अडचण अशी झाली आहे की त्या गोळ्या आता पूर्वीसारख्या लागू पडत नाहीत.

जंतू निबर होतात म्हणजे काय

पुष्कळांना वाटतं की गोळ्यांची 'शरीराला सवय होते'. सवय माणसाच्या शरीराला होत नाही, बदल जंतूत होतो. एका जखमेत कोट्यवधी जंतू असतात. त्यातले चार-दोन जन्मतःच थोडे वेगळे असतात आणि औषधाला तोंड देऊ शकतात. पुरेसं आणि योग्य औषध मिळालं तर बाकीचे मरतात आणि या उरलेल्या थोड्यांना शरीराची स्वतःची फौज निपटते. औषध चुकीचं असलं किंवा मात्रा अपुरी पडली, तर साधे जंतू मरून जागा रिकामी होते आणि त्या जागेवर हे चार-दोन आपलं गाव वसवतात. काही जंतू औषध तोडून टाकणारा रस तयार करतात. काही औषध आत आलं की पंपानं पाणी उपसावं तसं बाहेर उपसून टाकतात. काही आपला तो भागच बदलतात जिथं औषध चिकटायचं असतं. त्यात भर म्हणजे ही विद्या ते एकमेकांना देतात. एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला जनुकाचा तुकडा देऊ शकतो, जसा एखाद्यानं शेजाऱ्याला कुलपाच्या किल्लीचा छाप द्यावा.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल पुरस्कार घेतानाच्या भाषणात याचा इशारा दिला होता: औषध कमी मात्रेत घेतलं तर जंतू मरणार नाहीत, शिकतील. तेव्हा पेनिसिलिन बाजारात येऊन जेमतेम काही वर्षं झाली होती.

आज हिशेब असा आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंमुळे थेट १२ लाख ७० हजार माणसं दगावली. भारताचा वाटा जवळपास तीन लाखांचा धरला गेला. ही माणसं दुर्मिळ आजारानं गेली नाहीत. न्यूमोनिया, लघवीचा संसर्ग, रक्तात पसरलेला संसर्ग, ऑपरेशननंतर चिघळलेली जखम, असेच आजार होते. फक्त गोळी लागली नाही, सुई लागली नाही.

मध्य प्रदेश सरकारला याची कल्पना नाही असं नाही. केरळनंतर या विषयावर राज्याचा स्वतःचा कृती आराखडा काढणारं मध्य प्रदेश हे देशातलं दुसरं राज्य. तो जुलै २०१९ मध्ये आला. त्याआधी, मार्च २०१४ पासून, देशभरात 'शेड्यूल एच-वन'चा नियम लागू आहे. भारी अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय विकायचं नाही, विकलं तर रजिस्टरात डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव लिहायचं आणि ते रजिस्टर तीन वर्षं सांभाळायचं. गोळीच्या पत्त्यावरची लाल रेघ त्याचसाठी की वाचता न येणाऱ्यालाही कळावं. रेघ सगळ्या पत्त्यांवर आहे. ती पाहून थांबणारा गिऱ्हाईक किंवा दुकानदार किती, हे ज्यानं त्यानं आपल्या चौकातल्या मेडिकलवर उभं राहून पाहावं. आणि झोलाछाप डॉक्टरांकडं तर रजिस्टरचा प्रश्नच येत नाही.

बगीच्यातही तेच औषध

संत्रा-लिंबूवाल्या या पट्ट्यात आणखी एक गोष्ट बोलायला हवी. खैऱ्या रोगावर फवारायला जे 'स्ट्रेप्टोसायक्लिन' कृषी केंद्रावर मिळतं, ते म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लिन. माणसाचीच औषधं. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयरोगावरचं सर्वांत पहिलं परिणामकारक औषध. पुडी सहा ग्रॅमची, पंपात थोडीशी टाकायची, म्हणून कुणाला ते अँटिबायोटिक वाटतच नाही. पण फवारा पानावर पडतो तसा मातीतही पडतो आणि मातीतले जंतूही शिकतात. केंद्र सरकारनं डिसेंबर २०२१ मध्ये शेतीतला याचा वापर बंद करण्याचा मसुदा काढला होता. कोलिस्टिन या शेवटच्या फळीतल्या औषधाचा कोंबड्यांच्या खाद्यातला वापर तर जुलै २०१९ मध्येच बंद करण्यात आला. म्हणजे दोष फक्त दोन दिवसांत गोळ्या सोडणाऱ्यावर टाकून चालत नाही.

नवी अँटिबायोटिक शोधायला दहा-पंधरा वर्षं आणि अफाट पैसा लागतो. एवढं करून जंतू काही वर्षांत त्यावरही उपाय काढतात. म्हणून मोठ्या कंपन्या या धंद्यातून मागं सरल्या. मग शास्त्रज्ञांची नजर एका जुन्या वस्तूकडं वळली. ती म्हणजे चांदी.

चांदी जुनी, कण नवा

बाळाला चांदीच्या वाटीतून भरवायची रीत आपल्याकडं आहेच. डॉक्टरी जगातही चांदी काही नवी नाही. भाजलेल्या रुग्णाला लावतात ते पांढरं मलम, सिल्व्हर सल्फाडायझिन, १९६० च्या दशकाच्या शेवटी आलं आणि अजून प्रत्येक सरकारी दवाखान्यात असतं. त्यात काम करते ती चांदीच. फरक एवढाच, की आता चांदीचे कण 'नॅनो' आकाराचे करता येतात.

नॅनोमीटर म्हणजे एका मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ऐंशी हजार नॅनोमीटर जाड. एक जंतू साधारण हजार नॅनोमीटर लांब. आणि हे चांदीचे कण दहा-वीस नॅनोमीटरचे. जंतू म्हणजे बैलगाडी धरली तर कण म्हणजे लिंबू.

एवढं बारीक करून काय मिळतं? पृष्ठभाग मिळतो. एक सेंटिमीटर लांब-रुंद-उंच असा चांदीचा ठोकळा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून सहा चौरस सेंटिमीटर, पोस्टाच्या तिकिटाएवढी जागा. तोच ठोकळा दहा नॅनोमीटरच्या चौकोनी कणांत कापला तर सगळ्या कणांच्या बाजू मिळून सहाशे चौरस मीटर होतात, म्हणजे जवळपास साडेसहा हजार चौरस फूट. चांदी तेवढीच, पण उघडी पडलेली बाजू दहा लाख पट. चांदीचं सगळं काम त्या उघड्या बाजूवरून सुटणाऱ्या विद्युतभारित अणूंमुळं, म्हणजे आयनांमुळं होतं. त्यामुळं थोडक्या चांदीत काम भागतं.

हे आयन जंतूच्या आवरणाला चिकटतात आणि ते गळकं करतात. आत शिरून गंधक असलेल्या प्रथिनांना धरतात. जंतूची श्वास घेण्याची, म्हणजे ऊर्जा बनवण्याची यंत्रणा त्याच प्रथिनांवर चालते, ती बंद पडते. आत ऑक्सिजनचे जहाल रेणू तयार होतात आणि डीएनएलाही धक्का लागतो. अँटिबायोटिक बहुतेक वेळा एकाच जागी घाव घालतं, म्हणून जंतूला ती एक जागा बदलली की पुरतं. चांदी एकदम चार-पाच ठिकाणी मारते. सगळी दारं एकाच वेळी बंद करणं जंतूला जड जातं. म्हणूनच अनेक औषधांना दाद न देणारे जंतूही प्रयोगशाळेत या कणांपुढं मरताना दिसतात.

पुण्याची बुरशी, अमरावतीचा अभ्यास

या कामातला महत्त्वाचा भाग आपल्या आसपास झाला आहे, हे इकडं फारसं कुणाला माहीत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि अब्सार अहमद यांच्या गटानं २००१ च्या सुमारास दाखवून दिलं की चांदीचे नॅनो कण बुरशीकडून करवून घेता येतात. सिल्व्हर नायट्रेटच्या पाण्यासारख्या द्रावात बुरशी ठेवली की ती चांदीच्या आयनांचे कण बनवते आणि द्राव हळूहळू तपकिरी होतो. रंग बदलला की समजायचं, कण झाले. सुरुवातीला हे कण बुरशीच्या पेशीत अडकून राहत, ते काढणं कटकटीचं. २००३ मध्ये त्याच गटानं फ्युझॅरियम नावाच्या बुरशीकडून कण बाहेर, द्रावातच तयार करून घेतले. फ्युझॅरियम म्हणजे तीच, जी हरभऱ्यावर मर आणते. शेतकऱ्याची वैरीण इथं कामाला आली. पुढच्याच वर्षी त्यांनी कडुनिंबाच्या पाल्याच्या काढ्यातूनही चांदीचे कण करून दाखवले. नंतर जगभरात लोकांनी तुळस, कोरफड, संत्र्याची साल, जे हाती लागेल ते वापरून पाहिलं. सालीतले आणि पाल्यातले रस आयनांचं कणात रूपांतर करतात आणि कण एकमेकांना चिकटू नयेत म्हणून त्यावर पातळ थरही चढवतात.

वरूड-मोर्शीच्या वाटेनं अमरावती इथून काही फार दूर नाही. तिथल्या संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या जैवतंत्रज्ञान विभागात डॉ. महेंद्र राय यांच्या गटानं याच बुरश्यांना धरून जंतूंवरचा परिणाम तपासला. राय, अलका यादव आणि अनिकेत गाडे यांचा २००९ चा लेख चांदीच्या नॅनो कणांना 'नव्या पिढीचे जंतुनाशक' म्हणतो आणि या विषयावर जगात सर्वाधिक संदर्भ दिल्या जाणाऱ्या लेखांपैकी तो एक आहे. विदर्भातल्या विद्यापीठातून निघालेल्या लेखाला असा मान क्वचित मिळतो.

त्याच वर्षीचं त्यांचं दुसरं काम जखमेच्या दृष्टीनं जास्त महत्त्वाचं आहे. फोमा नावाच्या बुरशीपासून केलेले चांदीचे कण त्यांनी नेहमीच्या अँटिबायोटिकबरोबर मिसळून वापरले. समोर जंतू होते ई. कोलाय, स्युडोमोनास आणि स्टॅफिलोकॉकस. शेवटचे दोन तर जखमेत नेहमीचेच: एक हिरवट पू आणतो, दुसरा गळवं. दोन्ही एकत्र दिल्यावर परिणाम एकट्या औषधापेक्षा वाढलेला दिसला. म्हणजे कणांनी अँटिबायोटिकला हाकलून द्यायचं नाही, त्याला हात द्यायचा. कण आवरण गळकं करतात, औषधाला आत शिरायला वाट होते, असा त्यामागचा विचार आहे. जुनी, स्वस्त, हातातून निसटत चाललेली औषधं पुन्हा कामाची होऊ शकतील ही आशा इथून येते, आणि गावच्या खिशाला परवडणारी आशा तीच.

पुण्यातच आघारकर संशोधन संस्थेत किशोर पाकणीकर आणि सहकाऱ्यांनी एका कंपनीबरोबर जखमेवर लावायची चांदीची जेल केली. तीही २००९ चीच गोष्ट. तिचा जंतूंवरचा परिणाम सिल्व्हर सल्फाडायझिनच्या मलमाइतका भरला, आणि चांदी मात्र तीस पट कमी. उंदरांच्या कातडीवर लावून पाहिली तेव्हा अपाय दिसला नाही. आज नॅनो चांदीची जेल आणि ड्रेसिंगच्या पट्ट्या बाजारात मिळतात. भाजलेल्या जखमांवर, शुगरच्या पायावर शहरातले सर्जन त्या वापरतात.

शुगरच्या पायाचा उल्लेख मुद्दाम केला. गोटमारीची जखम जवान पोराची असते, टाके पडले की बहुधा भरून येते. खरा धोका घरच्या म्हाताऱ्याच्या पायाला. तिथं रक्त नीट पोचत नाही, म्हणून पोटात घेतलेली गोळीही तिथं नीट पोचत नाही. जंतू जखमेवर चिकट थर करून त्याखाली बसतात. त्या थराला बायोफिल्म म्हणतात. नदीतल्या दगडावर शेवाळाचा बुळबुळीत थर असतो तसंच ते. त्याखालच्या जंतूंना मारायला नेहमीपेक्षा कैक पट औषध लागतं. बाहेरून लावायची चांदी या थरावर काम करू शकते, म्हणून तिच्याकडं आशेनं पाहिलं जातं. अंगठा वाचला तर पाय वाचतो, पाय वाचला तर माणूस शेतात जातो.

मग अडलं कुठं?

प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत जंतू मरणं वेगळं आणि माणसाच्या जखमेत मरणं वेगळं. जखमेत पू असतो, मीठ असतं, प्रथिनं असतात आणि ती चांदीला धरून ठेवतात. चांदीच्या मलमांनी आणि पट्ट्यांनी जखमेतला संसर्ग खरंच टळतो का, हे तपासायला कॉक्रेन या संस्थेनं २०१० मध्ये २६ चाचण्या आणि दोन हजारांवर रुग्णांचा धांडोळा घेतला. निष्कर्ष: ठाम सांगण्याइतका पुरावा नाही. सिल्व्हर सल्फाडायझिननं तर काही भाजलेल्या जखमा भरायला उलट जास्त दिवस घेतले. चांदी जंतूला मारते तशी नव्यानं येणाऱ्या कातडीच्या पेशींनाही त्रास देते, मात्रा चुकली की.

सुईतून किंवा गोळीतून हे कण द्यायचे तर अडचण आणखी मोठी. रक्तात गेलेले कण यकृत आणि प्लीहेत जाऊन साठतात. न्यूमोनियाच्या किंवा रक्तातल्या संसर्गाच्या रुग्णाला आज चांदीचा उपयोग नाही. अशा औषधांना परवानगी कशी द्यायची, काय काय तपासायचं, याची नियमावली भारतात ऑक्टोबर २०१९ मध्ये निघाली. आजचा खरा उपयोग बाहेरून लावण्यापुरता आणि पाणी शुद्ध करण्यापुरता. टाटांचं 'स्वच्छ' हे पाण्याचं यंत्र २००९ मध्ये आलं, त्यात धानाच्या कोंड्याच्या राखेवर नॅनो चांदीच बसवलेली होती.

त्यामुळं 'कोलॉयडल सिल्व्हर'च्या बाटल्या मोबाइलवर पाहून मागवणाऱ्यांनी जरा थांबावं. ही प्यायची वस्तू नाही. महिनोन्महिने प्यायल्यानं कातडी निळसर-राखाडी होते, त्याला अर्जिरिया म्हणतात, आणि तो रंग परत जात नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं १९९९ मध्येच अशा दुकानी औषधांना सुरक्षित आणि गुणकारी मानायला नकार दिला आहे.

आणि सर्वांत कळीचा प्रश्न: जंतू चांदीलाही शिकणार नाहीत का? शिकलेत. १९७० च्या दशकात अमेरिकेत बॉस्टनच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बर्न वॉर्डात सिल्व्हर नायट्रेटला दाद न देणारा साल्मोनेला जंतू पसरला आणि रुग्ण दगावले. चांदी बाहेर उपसणारे पंप त्याच्याकडं होते आणि ती विद्या दुसऱ्या जंतूला देता येईल अशा जनुकाच्या तुकड्यावर होती. २०१८ मध्ये युरोपातल्या शास्त्रज्ञांना आणखी एक युक्ती दिसली. चांदीच्या कणांसोबत पुन्हा पुन्हा वाढवलेल्या ई. कोलाय आणि स्युडोमोनास जंतूंनी आपल्या शेपटीचं प्रथिन बाहेर सोडलं, त्यानं कण एकमेकांना चिकटून गोळा झाले आणि निकामी ठरले. त्याच शास्त्रज्ञांनी डाळिंबाच्या सालीचा अर्क घातला तर ते प्रथिन तयार होणं थांबतं, हेही पाहिलं. सामना सुरूच आहे, नदीच्या दोन्ही काठांवरून.

वास येऊ नये म्हणून मोज्यात, बनियनमध्ये, वॉशिंग मशीनमध्ये नॅनो चांदी घालण्याची फॅशन म्हणूनच शास्त्रज्ञांना खटकते. ती धुण्याच्या पाण्यातून नाल्यात जाते आणि तिथल्या जंतूंना थोडी थोडी चाखवत राहते. अँटिबायोटिकच्या बाबतीत जे केलं तेच पुन्हा.

तोपर्यंत गावात

दगडाची, काट्याची, विळ्याची जखम झाली तर पहिलं औषध वाहतं स्वच्छ पाणी आणि साबण. भरपूर पाणी, पाच-दहा मिनिटं. मातीचा कण आत राहिला तर वरून कुठलीही गोळी खाऊन उपयोग नाही. राख, माती, शेण, चहापत्ती लावायची नाही. खोल जखम असेल तर दवाखान्यात धनुर्वाताची सुई. प्रत्येक जखमेला अँटिबायोटिक लागत नाही. लागतं तेव्हा कुठलं आणि किती दिवस, हे तपासणारा डॉक्टर ठरवेल.

आठवडा झाला तरी जखम भरत नसेल, पू थांबत नसेल, तर तिसरी-चौथी गोळी बदलून पाहण्याऐवजी पुवाची 'कल्चर' तपासणी मागावी. त्यात जंतू वाढवून त्यावर एकेक औषध लावून पाहतात आणि कुठलं चालेल, कुठलं नाही ते कागदावर लिहून मिळतं. अहवालाला दोन-तीन दिवस लागतात. नागपूरच्या मेडिकल-मेयोसारख्या मोठ्या रुग्णालयांत ही सोय आहे आणि खासगी लॅबही नमुने पाठवतात. एकच अट आहे: नमुना नवी गोळी सुरू करण्याच्या आधी द्यायचा, नाहीतर बशीत जंतू उगवत नाही आणि अहवाल कोरा येतो.